तेल, तूप आणि धुपाटणे

हैदराबादच्या तार्नाका भागात, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. विद्यापीठाच्या निमित्ताने तिच्या फाटकावरून असंख्य वेळा गेलेले अनेक वाचक या पत्रिकेला लाभले आहेत. आम्हीही त्यांतलेच. परंतु त्या फाटकाआड आपल्या ताटाचा इतिहास लिहिला जात होता, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

ही संस्था जन्माने हैदराबादची नव्हे. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे, पाश्चर संस्थेतल्या एका खोलीत, रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टराने बेरीबेरी रोगाच्या चौकशीचे काम आरंभिले. त्या कामाचा विस्तार होत होत ही संस्था आकाराला आली. १९५८ साली ती हैदराबादला आणली गेली, तेव्हा संचालकपदी डॉ. वि. ना. पटवर्धन होते. १९६९ साली तिला सध्याचे नाव मिळाले. पुढे डॉ. पी. जी. तुळपुळे यांनीही ते पद भूषविले. मराठी माणसाने या संस्थेकडे आपुलकीने पाहावे, असा हा धागा आहे.

आणखी एक धागा याहूनही जुना आहे. १९२०च्या दशकात मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला एक प्रयोग केला. हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकसमूहांचा आहार त्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना खाऊ घातला आणि ते कसे वाढतात ते पाहिले. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत वजनदार आणि धट्टेकट्टे निघाले. त्या आहारात गव्हाच्या चपात्या, दूध, ताजे लोणी, डाळी, भाज्या आणि आठवड्यातून एखादे वेळी मांस होते. त्याखालोखाल पठाणी आहार आणि मग मराठी. भातावर भर असलेला मद्रासी आहार शेवटच्या क्रमांकावर राहिला. तराजूचा काटा जितका वर, तितका आहार चांगला, असा त्या काळचा हिशेब होता. आणि दुष्काळांनी पोखरलेल्या त्या देशाच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता.

त्याच संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे, असा अंदाज तीत दिला आहे, आणि लठ्ठपणा, मधुमेह व हृदयविकार यांची चिंता पानोपानी व्यक्त झाली आहे. शंभर वर्षांत तराजू तोच राहिला, त्याच्या काट्याचा अर्थ मात्र उलटला. या उलथापालथीत आपल्या ताटातील स्निग्ध पदार्थांचा वाटा किती? राष्ट्रेच्या राष्ट्रे स्थूल होतात ती अमुक एका प्रकारच्या तेलामुळे, असे म्हणता येईल काय? हा प्रश्न जगभर विचारला जातो. आम्ही तो दख्खनच्या घाण्यापासून विचारू इच्छितो.

स्नेह हा शब्द आपल्या भाषेत तेलातुपालाही लागतो आणि मायेलाही. चरकसंहितेत तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले असून त्यांचे गुणही वेगवेगळे वर्णिले आहेत. म्हणजे स्निग्धाचा प्रकार महत्त्वाचा, ही जाणीव नवी नाही. त्याच ग्रंथात निंद्य मानलेल्या आठ देहांमध्ये अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही स्थान आहे, आणि त्या दोघांतही स्थूलाची स्थिती अधिक कठीण मानली आहे. तथापि सामान्य रयतेला या चर्चेची गरजच पडत नव्हती. ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ हा बाणा ज्या समाजात म्हणीपुरता उरतो, त्या समाजात तूप सणावारी आणि तेल पळीने मोजून, अशीच रीत असते.

मराठवाडा आणि तेलंगण एकाच निजामी राज्यात नांदत असताना या मुलखातली तेले जमिनीच्या पोतावर आणि हंगामावर ठरत. काळ्या रानात रब्बीची करडई आणि जवस, हलक्या जमिनीत तीळ आणि कारळे. शेंगदाण्याचे तेल आज आपल्याला परंपरेचे वाटते. पण भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज काळानंतर आलेला आणि दख्खनमध्ये एकोणिसाव्या शतकात फोफावलेला. गावचा तेली बैलाच्या घाण्यावर गाळप करी. तेल गिऱ्हाइकाच्या बुधलीत, पेंड जनावरांच्या आंबोणात. या घाण्याचा साक्षेपी इतिहास ज्यांनी लिहिला, ते के. टी. अचया हे तेलबियांचे रसायनज्ञ. हैदराबादच्या रीजनल रिसर्च लॅबोरेटरीत त्यांनी सुमारे दोन दशके काम केले. भारतीय अन्नाचे इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती त्यानंतरची. ‘घानी’ हे त्यांचे पुस्तक १९९३ साली आले. भारतीय खाद्येतिहासाचा एक मोठा अभ्यासक आपल्या शहरातल्या प्रयोगशाळेत घडला, याचा विसर पडू नये.

या जुन्या तेलांचे रासायनिक रूप पाहिले म्हणजे एक गंमत लक्षात येते. करडईच्या तेलात लिनोलिक या असंपृक्त मेदाम्लाचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश असते. जवसाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक हे दुर्मिळ मेदाम्ल निम्म्याच्या आसपास असते. शेंगदाण्यात ओलिक आम्लाचा भरणा अधिक, तर तिळात ओलिक आणि लिनोलिक यांचा जवळजवळ समतोल. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तिळाची पोळी, करडईची फोडणी अशा रीतीने जेवणाऱ्या घरात ही सारी मेदाम्ले आपोआप एकत्र येत. त्यात कुणाचे शहाणपण होते असा दावा आम्ही करणार नाही. शेतात जे पिके ते ताटात येई, एवढेच. दोन गोष्टी मात्र निश्चित होत्या. प्रत्येक तेलाला स्वतःचा वास व चव होती, आणि कोणतेही तेल मुबलक नव्हते.

या व्यवस्थेला पहिला छेद वनस्पती तुपाने दिला. हॉलंडहून येणारे हे घट्ट केलेले तेल १९३०च्या दशकात मुंबईजवळ शिवडीला तयार होऊ लागले आणि १९३७ पासून ‘डालडा’ या नावाने घरोघर पोहोचले. पिवळ्या डब्यावरच्या हिरव्या ताडाच्या झाडाने तुपाची हौस स्वस्तात भागवली. हलवाई, खानावळी आणि लग्नाच्या पंगती यांना तर ते वरदानच वाटले. गांधीजींसह अनेकांनी त्याला विरोध केला, बंदीच्या मागण्या झाल्या, विधेयके आली. अखेर निघालेला तोडगा मोठा मासलेवाईक होता. वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलाला एका रासायनिक परीक्षेत गुलाबी रंग येतो. त्यामुळे वनस्पती साजूक तुपात मिसळलेले असल्यास भेसळ उघडी पडे. सारा वाद तुपाच्या शुद्धतेचा होता. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयाला अपायकारक असतात, हे शास्त्राला ठामपणे सांगता येण्यास १९९०चे दशक उजाडावे लागले. डेन्मार्कने २००३ साली या मेदाम्लांवर कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे तेलातुपातील मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. एका पिढीने बेसनाच्या लाडवात हौसेने घातलेला पदार्थ पुढच्या पिढीच्या कायद्याने जवळजवळ हद्दपार केला.

दुसरा छेद अधिक खोल होता, परंतु त्याचा गाजावाजा झाला नाही. स्वातंत्र्यानंतरची काही दशके खाद्यतेल हा टंचाईचा विषय होता. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, ती महागाई स्वयंपाकघरातली होती. १९५०च्या सुमारास दरडोई खाद्यतेल वर्षाला ३ किलोच्या आसपास होते. म्हणजे दिवसाला ८ ग्रॅम, जेमतेम दोन लहान चमचे. टंचाईवर उपाय म्हणून सरकारने दोन वाटा धरल्या. एक वाट आयातीची. राज्य व्यापार महामंडळामार्फत परदेशी तेल येऊ लागले आणि पामोलीन रास्त भावाच्या दुकानांतून गरिबांच्या घरी पोहोचले. आंध्र प्रदेशातील शिधापत्रिकाधारकांना ते चांगले परिचित होते. दुसरी वाट उत्पादनाची. रशियन वाणांच्या आधारे १९६९ पासून सूर्यफुलाची लागवड सुरू झाली. १९७७ साली हैदराबादजवळ राजेंद्रनगरला तेलबिया संशोधन संचालनालय स्थापन झाले, जे आज भारतीय तेलबिया संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. १९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान मिशनने तर काही वर्षे देशाला स्वयंपूर्णतेच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवले.

तो उंबरठा ओलांडता आला नाही. १९९४ साली पामोलीनची आयात खासगी व्यापाराला खुली झाली. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने अनेकांचे बळी घेतले, आणि सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. ते आवश्यकच होते. परंतु त्यायोगे गावच्या तेल्याच्या बुधलीवरचा विश्वास उडाला आणि बंद पिशवीतले शुद्धीकृत तेल हीच आरोग्याची खूण ठरली. मराठवाड्यात सोयाबीनने पाय रोवले, लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या भावावर चालू लागली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचे नवे वाण काढण्याचे व्रत चालू ठेवले, तरी काटेरी करडई काढायला मजूर मिळेना आणि भावही मिळेना. तिचे लाखो हेक्टरांचे क्षेत्र आक्रसून अल्प उरले. देशाच्या गरजेचे निम्म्याहून अधिक तेल आज आयात होते व त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर गेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची शिफारस मात्र १२ किलोची आहे.

१९.७ किलो म्हणजे दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमात ९ उष्मांक असतात. मग ते करडईचे असो वा पामचे. म्हणजे आजींच्या काळच्या तुलनेत दरडोई रोजचे चारशेहून अधिक उष्मांक केवळ तेलातून वाढले. सरासरीत वाया जाणारे तेल, हॉटेलांच्या कढया आणि फरसाणाचे कारखाने हेही आले, हे मान्य करूनही वाढ थक्क करणारी आहे. त्याच काळात शरीरकष्ट कमी झाले, भाताला पॉलिश चढली, साखर वाढली. अशा वेळी सारा दोष एकट्या तेलाच्या एकट्या प्रकारावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

असा दोष टाकण्याचा मोह मात्र शास्त्रज्ञांनाही आवरलेला नाही. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली रेल्वे कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेकडील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट आढळले. स्निग्ध पदार्थ मात्र उत्तरेकडचे लोक कितीतरी पटींनी अधिक खात होते, आणि तेही दूध-तुपातून. तुपाच्या कैवाऱ्यांनी आजवर या अभ्यासाचा झेंडा मिरवला आहे, तर विरोधकांनी जीवनमान, श्रम, तंबाखू, जेवणाच्या सवयी अशा भेदांकडे बोट दाखवले आहे. दोन प्रदेशांत एकाच वेळी दहा गोष्टी भिन्न असतात. त्यांतली एक उचलून तिला कारण म्हणणे सोपे, सिद्ध करणे अवघड.

म्हणून प्रयोग पाहावे लागतात. तार्नाक्याच्या याच संस्थेत डॉ. गफूरुन्निसा यांनी आयुष्याचा मोठा काळ तेलांतील मेदाम्लांच्या अभ्यासाला वाहिला. अन्नधान्य, डाळी, दूध यांत दडलेला अदृश्य मेद त्यांनी हिशेबात धरला आणि एकाच तेलावर न विसंबता तेले मिसळून वा आलटून पालटून वापरावीत, या सल्ल्याला शास्त्राचा आधार दिला. त्यांच्या सहकाऱ्यांसह २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ट्रान्स मेदाम्लांचा आहार दिलेल्या उंदरांच्या मेदपेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्याचे आढळले. अमेरिकेत सहा वर्षे चाललेल्या एका प्रयोगात ट्रान्स मेद खाणाऱ्या माकडांचे वजन, उष्मांक मोजून दिलेले असतानाही, दुसऱ्या गटाहून अधिक वाढले. स्वीडनमधील उप्साला येथे २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर माणसांवरचा. ३९ तरुणांना ७ आठवडे जादा उष्मांकांचे केक खाऊ घातले. काहींचे केक पामतेलाचे, काहींचे सूर्यफुलाच्या तेलाचे. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे १.६ किलोने वाढले. परंतु पामतेलाच्या गटात यकृतात आणि पोटाच्या आत अधिक चरबी साठली.

आमच्या मते या विषयाचे मर्म इथे आहे. किती वजन वाढेल हे मुख्यतः एकूण किती खाल्ले यावर ठरते. ते कुठे साठेल आणि काय बिघडवील, यात मात्र स्निग्धाच्या प्रकाराला वाव आहे. आणि ‘कुठे’ हा प्रश्न आपल्या लोकांना विशेष लागू पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतून केलेल्या अभ्यासात आपली नवजात बाळे वजनाने कमी असली तरी अंगच्या चरबीने त्या मानाने पुष्ट असतात, असे दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! मॅककॅरिसनचा तराजू ज्या ठिकाणी थांबतो, त्याच्या पुढची गोष्ट या दोन छायाचित्रांनी सांगितली.

राष्ट्रीय आकडे वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ साली देशातील १२.६ टक्के स्त्रिया आणि ९.३ टक्के पुरुष जादा वजनाचे वा लठ्ठ होते. २०१९-२१ साली हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. तेलंगणात ते साधारण ३० आणि ३२ टक्के होते. हे आकडे २५ आणि त्याहून अधिक इंडेक्सचे आहेत. जे सडपातळ दिसतात आणि तरीही ज्यांच्या पोटात चरबी व रक्तात साखर आहे, ते या मोजणीत येतच नाहीत.

चित्राची दुसरी बाजूही याच शहराच्या परिसरात आहे. १९८७ ते १९९० या काळात हैदराबादजवळच्या २९ खेड्यांत राष्ट्रीय पोषण संस्थेने एक प्रयोग केला. त्यांतील काही गावांत गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना पूरक आहार मिळाला. तो होता मका-सोयाच्या मिश्रणाचा आणि सोयाबीन तेलाचा उपमा. मुले किशोरवयात आल्यावर संशोधक पुन्हा त्या गावांत गेले. पूरक आहाराच्या गावांतील मुले किंचित उंच होती, आणि इन्सुलिनच्या व रक्तवाहिन्यांच्या बाबतीत त्यांची स्थिती अधिक चांगली होती. योग्य वेळी, योग्य माणसाच्या पानात पडलेले थोडे तेल हे पोषणच असते. तेलाला सरसकट खलनायक ठरवणाऱ्यांनी या खेड्यांकडे एकदा पाहावे.

तेव्हा स्निग्धाच्या प्रकाराचा राष्ट्राच्या स्थौल्याशी संबंध आहे काय? आहे, परंतु रसायनाइतकाच तो बाजाराचा आहे, असे या इतिहासावरून आम्हांस वाटते. करडईचे तेल घरात येई ते हंगामाने आणि ऐपतीने बांधलेले येई. कच्च्या घाणीच्या तेलाचा वासच हात आवरायला लावी. शुद्धीकृत तेलाला वास नाही, चव नाही, हंगाम नाही, मुलूख नाही. ते कशातही आणि कितीही खपते. बिस्किटात, चिवड्यात, रस्त्यावरच्या मिरची भज्यांत, ते दिसत नाही आणि मोजलेही जात नाही. प्रकार बदलला तेव्हा प्रमाणावरचा लगामही सुटला. हे आमचे अनुमान आहे. त्याला सिद्धान्ताचे वजन देण्याचा आमचा आग्रह नाही.

या अनुमानाने एक गोष्ट तरी साधावी. लठ्ठ माणसाकडे, विशेषतः स्त्रीकडे, आपला समाज खादाडपणाचा आरोप ठेवल्यासारखे पाहतो. मधुमेह झालेल्या गृहिणीला तिच्याच स्वयंपाकाचा दोष दिला जातो. आयातशुल्क तिने ठरवले नव्हते, शिध्याच्या दुकानातले तेल तिने निवडले नव्हते, करडईचे रान तिने मोडले नव्हते. तिच्या हाती उरते ती मोजणी. बाराच्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला महिन्याला ४ किलो तेल, आणि त्यात बाहेरचे खाणेही धरायचे. हा आकडा डब्यावर लिहून ठेवला, आणि महिन्याच्या वाणसामानात एखादी जवसाची वा तिळाची पुडी परत आली, तर ते स्मरणरंजन नव्हे, शहाणपण ठरेल.

‘तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी टंचाईत रचली. आपल्याकडे तेल गेले नाही, तूपही गेले नाही. दोन्ही उदंड झाली. गेला तो त्यांचा हिशेब. तो परत आणणे हे काम तार्नाक्याच्या प्रयोगशाळेने आपल्या परीने केले आहे. बाकीचे आपल्या स्वयंपाकघरात आणि शासनाच्या धोरणात व्हायचे आहे.